बयाबाईच्या आढ्यावरची गुढी

वडिवळ्याच्या वरच्या अंगाला, नदीला लागून एक वाडी आहे, अकरा घरांची. अकरा म्हणजे अकराच. दहा म्हणणाऱ्या एका शहाण्या माणसाला बयाबाईनं भर उन्हात बांधावर उभं केलं होतं आणि एक डोळा मिटायला लावला होता. त्याचीच ही गोष्ट.

बयाबाई म्हणजे भिमाजीची बायको, असं सांगायची रीत. पण भिमाजी जिवंत होता तेव्हाही लोक त्यालाच बयाबाईचा नवरा म्हणायचे. शाळा तिनं फक्त बाहेरून पाहिलेली. अंगठा मात्र असा उठवायची, की कागदाला घाम फुटावा.

तिच्या सासऱ्यानं एकच लांबलचक जोतं घातलं होतं, दगडी, कमरेइतकं उंच. भावांची वाटणी झाली तेव्हा पुढचं अर्धं, खाचरांच्या तोंडाचं, भिमाजीला आलं. मागचं अर्धं, ओढ्याच्या तोंडाचं, धाकट्या कोंडाजीला गेलं. मधे कूड घातला, चुली दोन झाल्या, दारं दोन झाली. पुढं दोघेही भाऊ वारले आणि जावा उरल्या. पुढच्या दारी बयाबाई, मागच्या दारी झुंबरबाई.

बयाबाईचा रखमाजी लोणावळ्याला रेल्वेच्या इंजिन शेडात लागला. एकतीस साली त्यानं आईच्या घरावरचा पेंढा काढून मंगळुरी कौलं घातली. वाडीतलं पहिलं कौलारू घर. आढं चांगलं हातभर उचलून घेतलं. कौलं कामशेत स्टेशनात उतरली आणि बैलगाडीतून वाडीत आली. वाटेत एकही फुटलं नाही, असं बयाबाई सांगायची. फुटलेली सात तिनं आधीच न्हाणीखाली पुरली होती.

वास्तुशांत चैत्राच्या पाडव्याला धरली. आवतन द्यायला बयाबाई वाडीभर स्वतः फिरली, हातात कुंकवाचा करंडा घेऊन. मागच्या दारी मात्र सुनेला, नंदाबाईला धाडलं. घरचीच तर आहे, असं तिनं सांगितलं. खरं कारण असं, की झुंबरबाईच्या दारात जाऊन कौलांचं कौतुक आपणच सांगायचं हे तिला कमीपणाचं वाटलं. त्या बाईनं आपण होऊन येऊन बघावं, तोंडात बोटं घालावीत, मग बोलू.

झुंबरबाईनं नंदाबाईला दारातच विचारलं, "कौलं आली तशी सासूचं पाय जड झालं व्हय गं? मधी एक कूड. कुडाला तोंड लावून हाक मारली असती तरी ऐकू आलं असतं मला."

आणि ती वास्तुशांतीला आली नाही. तिनं दुसरंच केलं. मुलाला, सोपानाला, नदीवरच्या बेटात पाठवून वाडीत कुणी कधी आणला नव्हता एवढा उंच कळक तोडून आणवला. चांगला वीस हाताचा. पाडव्याच्या सकाळी आपल्या मागच्या दारात त्याच्यावर गुढी उभारली. वर खण, कडुनिंबाचा डहाळा, साखरेची गाठी आणि पालथा तांब्या. बयाबाईच्या नव्या कोऱ्या आढ्याच्याही वर जाऊन ती गुढी वाऱ्यावर डोलायला लागली.

त्याच दिवशी रखमाजीनं लोणावळ्याच्या बाजारातल्या अल्लाउद्दीन फोटोवाल्याला आणलं होतं. अल्लाउद्दीननं खालच्या बांधावर तिपाई रोवली. बयाबाई इरकली लुगडं नेसून आपल्या दारात, आपल्या गुढीशेजारी उभी राहिली. पुढं अंगणात म्हैस बांधली, कारण म्हशीशिवाय घर कसलं. तेवढ्यात तिची नजर वर गेली.

"रखमा, ती मागची गुढी काढाया सांग."

"कुणाला सांगू, आये? काकी बोलंना झालीय."

"मग तू चढ आन वाकीव."

"पाडव्याची गुढी वाकवू म्या?"

अल्लाउद्दीन काळ्या कापडाखाली शिरलेला होता. तो ओरडला, "मावशी, हलू नका!" आणि बयाबाई हयातीत पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकून गप्प उभी राहिली.

आठ दिवसांनी फोटो आला, काचेच्या चौकटीत. बयाबाईनं तो उजेडात धरला आणि अल्लाउद्दीनला समोर बसवून घेतलं.

"हे काय हाय?"

"तुमची वाडी, मावशी."

"ह्यात म्हैस माझ्या चौपट. म्या घरची मालकीण आन म्या हरभऱ्याएवढी. म्हशीला पाय दोनच. आन देऊळ बग! देवाचं देऊळ पार काड्याच्या पेटीएवढं केलंस. पाप लागंल."

अल्लाउद्दीन हसला. तरुण होता, पण अशा मावश्या त्यानं पुष्कळ पाहिल्या होत्या. "म्हैस कॅमेऱ्याच्या जवळ होती, म्हणून मोठी आली. देऊळ लांब, म्हणून लहान. म्हशीचे दोन पाय दोन पायांच्या मागे गेले. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो, मावशी. तो जिथं उभा केला तिथूनच बघतो, मागं जाऊन बघत नाही. पटत नाही ना? एक डोळा मिटा. आता हात असा पुढं धरा, देवळावर. दिसतंय देऊळ?"

बयाबाईनं डोळा मिटला, तळहात धरला. देऊळ गेलं. हात काढला, देऊळ आलं. तिनं चार वेळा करून बघितलं. एवढ्याशा तळहाताखाली एवढं देऊळ, त्यातला देव आणि पायरीवर बसलेला गुरव, सगळंच्या सगळं झाकलं गेलं. तिला हे काही बरं वाटलं नाही.

"एकच डोळा, आन त्यो बी जागचा हलंना," ती म्हणाली. "असल्याला साक्षीला कोण बोलावतंय?"

पण मग तिनं फोटो पुन्हा बघितला आणि तिचं तोंड हळूहळू बदललं. तिचं घर! फोटोच्या बरोबर मधे, सगळ्या वाडीवर पाय देऊन उभं असल्यासारखं. बाकीची घरं कोपऱ्याकोपऱ्यात कोंबड्यांसारखी बसलेली. आणि मागचं झुंबरबाईचं पेंढ्याचं घर? नव्हतंच. कौलांच्या मागं सबंध बुडालेलं. त्याची एक काडी दिसत नव्हती. दिसत होती फक्त गुढी. आणि ती गुढी, कळकासकट, बयाबाईच्या आढ्यावर रोवल्यासारखी दिसत होती.

बयाबाई हसली ती अशी, की अल्लाउद्दीनला वाटलं आपली मजुरी वाढणार.

त्या दिवसापासून फोटो सोप्यात, दाराच्या समोर टांगला गेला. येणारा-जाणारा बघायचा. "केवढी उंच गुढी वो मावशी! देवळाच्या कळसाच्या वर गेलीया." बयाबाई पदर सारखा करत म्हणायची, "घराच्या मानानं गुढी." वाडीतल्या माणसांना ठाऊक होतं ती गुढी कुणाची. पण बयाबाईच्या सोप्यात, बयाबाईचा चहा पीत, तसं बोलायची छाती कुणाची? आणि जिची गुढी होती तिनं तो फोटो कधी पाहिलाच नाही. तिनं त्या दारात पाय टाकला नव्हता, ना बयाबाईनं तिच्या. सहा वर्षं दोघी एका जोत्यावर राहिल्या, एका कुडाच्या दोन बाजूंना, आणि एकमेकींच्या खोकण्यावरून तब्येत ओळखत होत्या.

बयाबाई स्वतःही चित्र काढणारी बाई होती. तिला कुणी चित्रकार म्हटलं असतं तर तिनं झाडणी हाणली असती, पण दिवाळीत अंगणात शेणाचं गोकूळ करायचं तर तिनंच. सगळी वाडी करायची. घराच्या चारी भिंती बाहेरच्या बाजूला आडव्या पाडायची, म्हणजे आतली चूल, उखळ, पाळणा सगळं दिसावं. विहीर भाकरीसारखी गोल. म्हशीला चार पाय, मोजून चार. शेणाच्या वाडीत कुणी कुणाच्या मागं लपत नव्हतं. फक्त एकतीस सालानंतर त्या गोकुळात घरं दहाच असायची. अकराव्या जागी बयाबाई उकिरडा करायची.

सदतीस सालच्या वैशाखात वाडी जळाली.

राब भाजायचे दिवस. भाताचं रोप जिथं टाकायचं ती जमीन पाला-शेण पसरून भाजतात. दरवर्षीचं काम. त्या दुपारी वारा अचानक फिरला, ठिणगी पहिल्या पेंढ्यावर गेली, आणि घागरी भरून आणेपर्यंत एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उड्या मारत आग नदीपर्यंत पोचली. माणूस गेलं नाही, जनावर गेलं नाही. घरं गेली. बयाबाईची कौलं तडातडा फुटली, आणि सोप्यातला फोटोही गेला. जोत्यावर राख उरली, पुढून मागपर्यंत एकच, मधला कूड कुठं होता तेही कळू नये अशी.

लोणावळ्याच्या व्यापाऱ्यांनी आणि बंगलेवाल्यांनी मदतीची कमिटी काढली. घरामागं इतके वासे, इतके पत्रे, एक लुगडं, दोन घोंगड्या. यादी करायला दत्तोबा कारकून आला. दत्तोबा माणूस वाईट नव्हता. पण आधीच्या वर्षी दुसरीकडं कुठं तरी एका घराची तीन घरं सांगून लोकांनी पत्रे नेले होते आणि त्याला कमिटीची बोलणी खावी लागली होती. म्हणून त्यानं शक्कल काढली होती. अल्लाउद्दीनच्या दुकानाच्या कपाटात वाडीच्या फोटोची एक प्रत लावलेली होती, ती तो बरोबर घेऊन आला. फोटोत जे घर, तेच घर.

हे त्यानं बयाबाईला सांगितलं नाही. आंब्याखाली बसून त्यानं पिशवीतून फोटो काढला फक्त, आणि बयाबाईला आपलं जळालेलं घर पुन्हा उभं दिसलं. कौलं, म्हैस, इरकली लुगडं, सगळं. तिनं पदर सारखा केला आणि मान ताठ केली.

"हे कौलारू घर तुमचं का, बाई?"

"माझं न्हाई तर कुणाचं? वाडीत दुसरं हाय का असलं?"

"आणि जोतं? ते पार मागपर्यंत गेलंय."

"माझ्या सासऱ्यानं घातलंय. ह्या टोकापासनं त्या टोकापातुर आमचंच."

"आणि आढ्यावर ही गुढी?"

बयाबाईनं आजूबाजूला बघितलं. झुंबरबाई ओढ्यावर पाण्याला गेली होती. वाडीतले दोघे-तिघे होते, ते जमिनीकडं बघायला लागले.

"ती बी माझीच," बयाबाई म्हणाली. "घराच्या मानानं गुढी."

दत्तोबानं लिहून घेतलं आणि गेला.

चार दिवसांनी सामान आलं. कामशेतवरून गाड्या आल्या, नावं वाचली गेली. दहा नावं. बयाबाईला वासे, पत्रे, हिरवं कोरं लुगडं, सगळं मिळालं. कोंडाजीच्या घराचं नावच नव्हतं. सोपान लोणावळ्याला जाऊन आला. काय झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण रखमाजीला शेडात कळलं. संध्याकाळी तो घरी आला, म्हणजे आंब्याखाली आला, आणि आईसमोर उभा राहिला.

"आये, कारकुनाला तू काय सांगितलंस?"

"त्यानं इचारलं ते सांगितलं."

"सोपानाला त्यो म्हणाला, एका घराची दोन घरं करू नका. तुमच्या चुलतीनंच सांगितलंय, सगळं जोतं तिचं. फोटूत बी एकच घर हाय. वर म्हणाला, लबाडी करायला लाज वाटत न्हाई का."

बयाबाई पत्र्यांकडं बघत राहिली.

"मिरगाला बावीस दिस राहिल्यात," रखमाजी म्हणाला. "आपल्याकडचा पाऊस. त्यांच्या डोक्यावर पान न्हाई. काकी बोचकं बांधतीया. उद्या तळेगावला भावाकडं जायाची, सोपान आन त्याची बायकू शालू, दोघांस्नी घेऊन. जोतं सोडून."

"जाईना का," बयाबाई म्हणाली. पण ते तिच्या तोंडातून नेहमीसारखं धारदार आलं नाही.

रखमाजी तिथून निघून गेला. बयाबाई जोत्यावर जाऊन बसली. मागच्या टोकाला झुंबरबाई राखेतून भांडी काढून घासत होती, त्याचा आवाज येत होता. मधे आता कूडही नव्हता. ती नवलानं बघत राहिली, की हे जोतं एवढंसंच आहे. सहा वर्षं त्या बाजूला काय आहे हे तिनं बघितलंच नव्हतं. कॅमेऱ्याला झुंबर दिसली नाही, कारण त्याला एकच डोळा. तिला तर दोन होते. आणि दर दिवाळीला ह्या दोन हातांनी तिनं तिथं उकिरडा केला होता, जाणूनबुजून.

तिला लाज वाटली म्हणायला जीभ वळत नाही, कारण बयाबाईला लाज वाटली हे वाडीत कुणी मानणार नाही. तिला राग आला, असं म्हणू. आपल्या सासऱ्याच्या जोत्यावरच्या माणसाला कुणी परका कारकून लबाड म्हणतो, ह्याचा. आणि ते त्याला म्हणायला आपण शिकवलं, ह्याचा.

सकाळी ती उठली, जोत्यावरून चालत मागच्या टोकाला गेली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

झुंबरबाईनं वर बघितलं नाही. "चुकलीस काय? पुढचं दार तिकडं हाय."

"तुजा त्यो कळक कुटाय?"

"कंचा कळक?"

"झुंबरे, सोंग घेऊ नगंस. वीस हाताचा. विहिरीवर आडवा टाकलेला असतोय, बारा महिने. जळालाय का ऱ्हायलाय?"

"ऱ्हायलाय. का? त्यो बी तुजाच हाय म्हणून सांगितलंस का कारकुनाला?"

बयाबाईनं ते ऐकून घेतलं. "व्हय," ती म्हणाली. "सांगितलं."

आता झुंबरबाईनं वर बघितलं.

"फोटूत तुजी गुढी माझ्या आढ्यावर आली," बयाबाई म्हणाली. एक एक शब्द दाढेतून काढल्यासारखा. "तुजं घर मागं झाकलं. गुढी तेवढी वर ऱ्हायली. सहा वरसं म्या ती माजी म्हणून दावली. सगळ्यांस्नी."

झुंबरबाई तिच्याकडं बघतच राहिली. मग तिच्या ओठांचा कोपरा हलला. "सहा वरसं? माजी गुढी दावून मिरवलीस?"

"मिरवले."

"आन लोक काय म्हणायचं?"

"म्हणायचं, केवढी उंच."

"मग!" झुंबरबाई कमरेवर हात ठेवून उठली. सहा वर्षांची कसर त्या एका 'मग'मध्ये भरून निघाली. "वाटलंच हुतं मला. लांबून दिसंल अशीच उभारली हुती. तू घरात बसून ऱ्हायलीस, आन लोणावळ्यापातुर गेली गुढी!"

"लय फुगू नगंस. चल, कळक आण. रखमाला म्या कारकुनाला आणाया धाडलंय."

"आन खण? खण जळाला. बिनखणाची गुढी उभारू?"

बयाबाईनं काखेत आणलेली घडी पुढं केली. कमिटीचं हिरवं कोरं लुगडं.

दत्तोबा कारकून आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि तो वैतागलेला होता. "बाई, त्या दिवशी तुम्हीच म्हणालात सगळं तुमचं. आज म्हणता दोन घरं. मी कमिटीला काय सांगू? उद्या सगळेच म्हणतील, फोटोत नाही पण होतं. मग फोटोचा उपयोग काय? फोटो खोटं बोलत नाही."

"न्हाई बोलत," बयाबाई म्हणाली. "खोटं म्या बोलले. फोटूनं फकस्त मागं जाऊन बगितलं न्हाई. चला, बांधावर."

तिनं त्याला हाताला धरून खालच्या बांधावर नेलं, जिथं अल्लाउद्दीननं तिपाई रोवली होती तिथं. वरती, जोत्याच्या पुढच्या कडेला रखमाजी आणि नंदाबाई घोंगडीची दोन टोकं धरून उभी होती, पडद्यासारखी ताणून. सबंध वाडी आंब्याखाली जमली होती. असला तमाशा रोज होत नाही.

"एक डोळा मिटा, कारकूनदादा."

"काय?"

"कॅमेऱ्याला एकच असतोय. तुमीबी एकच ठेवा. हां. आता सांगा, जोत्यावर माणसं किती?"

"दोन. तुमचा मुलगा आणि सून."

"नीट बगा. जागचं हलायचं न्हाई, फोटूवानी."

"दोनच आहेत, बाई."

"लिवा तुमच्या वहीत, दोन."

दत्तोबा हसला, पण वाडी हसली नाही, म्हणून त्यानंही आवरलं. बयाबाईनं हात वर केला आणि ओरडली, "झुंबरे! उभार!"

घोंगडीच्या मागून, हळूहळू, डुलत, हिरवं लुगडं वर आलं. वर तांब्या. घोंगडीच्या काठावरून कळक असा वर निघाला, की घोंगडीतूनच उगवला असावा. बरोबर मधोमध. बांधावरून बघितलं तर रखमाजीनंच हातात धरलाय असं वाटावं.

"आता सांगा, ही गुढी कुणाच्या हातात हाय?"

दत्तोबानं मिटलेला डोळा उघडला. तरी तेच. मग तो बांधावरून उतरला, खाचर ओलांडून, जोत्याला वळसा घालून मागच्या अंगाला गेला. तिथं झुंबरबाई दोन्ही हातांनी कळक पोटाशी धरून घामाघूम उभी होती. पाठीमागं सोपान आधाराला, आणि बाजूला पोटुशी शालूबाई बोचक्यावर बसलेली. घासलेली भांडी. तीन दगडांची चूल, मागच्या दाराच्या जागी.

"तुमच्या वहीत दोन हायेत," मागून आलेली बयाबाई म्हणाली. "ही तिघं कोण मग?"

दत्तोबानं पिशवीतून फोटो काढला आणि डोळ्यांजवळ नेला. बयाबाईनं बोट ठेवलं.

"ही माझ्या दारातली गुढी. हितं, माझ्या शेजारी. बुटकी. ही माजी. दारात एक गुढी असती, तुमच्याकडंबी तसंच असंल. आढ्यावर चढून कुणी गुढी उभारतंय का? आन बगा, कळक आढ्याला टेकतोय का मागं जातोय. कौल त्याच्या पुढनं सबंध गेलंय. ही दुसऱ्या दारातली, दुसऱ्या चुलीची. कोंडाजीच्या घरातली. वाडीत सगळ्यात उंच गुढी," तिनं श्वास घेतला, "ह्या झुंबरीची."

आंब्याखाली कुणी तरी "व्वा मावशी" म्हणालं. बयाबाईनं तिकडं अशी मान वळवली, की तो पुढचं गिळून बसला.

दत्तोबानं बराच वेळ फोटो बघितला. मग त्यानं फोटोतल्या गुढ्या मोजायला सुरुवात केली. त्याला हे आधीच सुचायला हवं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. घरांवर बोट फिरवलं, दहा. गुढ्यांवर फिरवलं, अकरा. त्यानं वही मांडीवर घेतली आणि खाली एक नाव वाढवलं.

"मावशी," तो म्हणाला. बाईवरून तो आता मावशीवर आला होता. "त्या दिवशी हे का नाही सांगितलंत?"

"त्या दिवशी तुमी मला माजं घर दावलंत," बयाबाई म्हणाली. "दुसरं कायबी दिसंना मला. आता हुबं का? जावा, पत्रं धाडा. मिरगाला एकवीस दिस ऱ्हायल्यात."

पत्रे सहाव्या दिवशी आले. वाडीनं आधी मागचं घर शाकारलं, मग पुढचं. बयाबाईनंच तसं सांगितलं. शालूबाईला मुलगी झाली तेव्हा पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता, की तिचं पहिलं रडणं कुणाला ऐकू गेलं नाही. हिरवं लुगडं झुंबरबाईनं परत दिलं नाही. बयाबाईनं मागितलंही नाही. फक्त चार बायकांत बसली की ते कुणी दिलं, ते सांगायची.

त्या दिवाळीत गोकुळात अकरा घरं झाली. झुंबरबाईच्या घराच्या चारी भिंती बाहेर पाडल्या, आत चूल, पाळणा, पाळण्यात शेणाचा एवढासा गोळा. बयाबाईचं घर मात्र अजूनही सगळ्यांत मोठं होतं. झुंबरबाईनं ते बोटं ठेवून मोजलं.

पुढच्या चैत्राला अल्लाउद्दीनला पुन्हा बोलावलं. ह्या वेळी आवतन द्यायला बयाबाई मागच्या दारी स्वतः गेली, करंडा घेऊन. आणि तिपाई कुठं रोवायची तेही तिनंच ठरवलं. सकाळपासून एक डोळा मिटून ती वाडीभोवती फिरत होती. बांध नको, देवळाची पायरी नको. शेवटी ओढ्यापलीकडच्या टेकाडावर चढली, तळहात आडवा-उभा धरून बघितला आणि म्हणाली, "हितं. हितनं कुणी कुणाच्या मागं जात न्हाई."

फोटो आला. अकरा घरं, अकरा गुढ्या. झुंबरबाई तो घेऊन उजेडात गेली आणि तिथूनच ओरडली, "अगं बया, माजं घर तुझ्या दीडपट आलंय की!"

"जवळ हायस म्हणून," सोप्यातून उत्तर आलं. "त्यात तुजं कर्तब काय?"

"आन गुढी?"

बयाबाई खिळा हातात घेऊन दारात आली. "गुढी उंच हाय तुजी," ती म्हणाली. "ती जवळची बी उंच आन लांबची बी उंच. आता फोटू हिकडं आण, खिळा मारायचाय."

आता तो फोटो तिच्या सोप्यात आहे, दाराच्या समोर. नवा माणूस आला की हमखास विचारतो, मागचं घर पुढच्यापेक्षा मोठं कसं. मग बयाबाई त्याला उठवून दारात उभं करते, एक डोळा मिटायला लावते, तळहात धरायला लावते, देऊळ घालवते आणि परत आणते. त्यानंतर फोटोतली घरं मोजायला सांगते. अकरा भरली, की मगच नंदाबाईला चहा टाकायची हाक जाते.